परत आलेली पिशवी

काल दुपारी नाहीशी झालेली पिशवी आज सकाळी आठ वाजता जागेवर होती.

हट्टीताईने काचेचं दार उघडलं नाही. आधी चष्मा पुसला, मग पुन्हा पाहिलं. खालून दुसरा कप्पा, उजवीकडची जागा. पिवळसर, फुगीर पिशवी आणि तिच्यावर लाल शिक्का: राखीव.

कपाट नेहमीसारखं हलत होतं. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. रक्तपेढीत सगळे त्याला पाळणा म्हणत. त्यात प्लेटलेटच्या पिशव्या ठेवतात, आणि त्या रात्रंदिवस झुलत राहतात. काल दुपारी दोन वाजता याच पाळण्यातली ही एक जागा रिकामी दिसली, आणि तेव्हापासून हॉस्पिटलात नुसता गोंधळ चालला होता. कपाटामागे पाहून झालं, कचऱ्याचे डबे उपसून झाले, मामांच्या बादलीतसुद्धा हात घालून झाला. आणि आता ही बया इथे मुकाट्याने झोके घेत होती.

"सापडली ना?" दारातून आवाज आला.

प्रशासक साहेब उभे होते. हातात फोन, डोळे तांबारलेले, दाढीचे खुंट वाढलेले. एरवी साहेबांच्या शर्टाची घडीसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय मोडत नसे.

"सापडली नाही. आली," हट्टीताई म्हणाली. "साहेब, बूट. बाहेर काढा."

साहेबांनी बुटांकडे पाहिलं आणि ते तसेच आत आले. "म्हणजे ती इथेच होती. तुमच्या नजरेतून सुटली. आणि तुम्ही अख्ख्या हॉस्पिटलला चोर ठरवून मोकळ्या झालात. पाठवा वर वॉर्डात, आत्ताच्या आत्ता."

"रात्री कुठे होती ते कळल्याशिवाय नाही पाठवणार."

"कुठे असणार? रात्रभर थंडाव्यात तर होती. तिला काय धाड भरली आहे?"

हट्टीताईने चष्मा नाकावर नीट बसवला. तिने तो असा बसवला की तिला ओळखणारी माणसं सावध होत. साहेब तिला ओळखत नव्हते. त्यांना येऊन आठच महिने झाले होते.

ती या पेढीत बावीस वर्षं तंत्रज्ञ होती. 'हट्टीताई' हे नाव तिला कोणी दिलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण लोक ते तिच्या तोंडावर घेत आणि ती 'ओ' देत असे.

पिशवी कुणाची होती ते सांगायला हवं. तिसऱ्या मजल्यावर एक टेलरबाई होती. तिच्या हाडांतल्या मगजाने प्लेटलेट बनवणंच सोडून दिलं होतं. प्लेटलेट म्हणजे रक्तातल्या अगदी बारीक चपट्या पेशी. कुठे भोक पडलं की धावत जाऊन ते बुजवणाऱ्या. धडधाकट माणसाच्या रक्ताच्या टाचणीच्या डोक्याएवढ्या टिपक्यात त्या दीड लाखापासून चार लाखांपर्यंत असतात. टेलरबाईच्या होत्या सहा हजार. दहा हजारांच्या खाली गेलं की काही न लागता, न खुपता रक्त फुटायची भीती. आणि तिचं दुखणं इथेच थांबत नव्हतं. इतक्या पिशव्या चढवून झाल्या होत्या की तिचं शरीर आता परक्या प्लेटलेटवर तुटून पडायचं. तासाभरात सगळ्या फस्त. साठ माणसांचं रक्त तपासल्यावर एक माणूस जुळला होता, गाडी चालवायला शिकवणारे एक मास्तर. परवा सकाळी नऊ वाजता त्यांनी दिलेली ही पिशवी. काल दुपारी चारला चढवायची होती.

फोन वाजला. वॉर्डचा डॉक्टर होता.

"ताई, पिशवी मिळाली म्हणे. लवकर पाठवा. पहाटेपासून हिरड्यांतून रक्त येतंय तिच्या, आता नाकातूनही सुरू झालं."

"दोन मिनिटं द्या."

तिने दार उघडलं. पिशवी उचलण्याआधी तिची नळी कुठे आहे ते पाहिलं. नळी बाहेरच्या बाजूला लोंबत होती. मग पिशवी हातात घेतली. लेबलचा एक कोपरा सुरकुतला होता आणि तारखेतला आकडा किंचित फुटला होता. तिने पिशवी नाकाशी नेली.

"वास कसला घेताय?" साहेब वैतागले. "मासळीबाजारात आलात का?"

ती खिडकीशी गेली. उजेडात पिशवी धरली आणि हळूच हलवली. काहीच झालं नाही. आतलं पिवळं पाणी डचमळलं आणि थांबलं. तिने पाळण्यातली दुसरी पिशवी आणली, तशीच धरली, तशीच हलवली. आत चमचमती धुरकट लाट उठली, गोल फिरली, अंगाला वळसे घेत विरली. रेशमी कापड उन्हात झटकावं तशी.

पुन्हा पहिली. साबणाचं शिळं पाणी.

"ही मी देणार नाही," हट्टीताई म्हणाली.

"काय?"

"ही पिशवी मेली आहे. हिच्यात चमक नाही. ही चढवली तर बाईला नवी जखम नाही होणार, पण जुनी बुजणारही नाही. वर आम्ही सगळे निवांत बसू, दिली बाबा पिशवी म्हणून. आणि तेवढ्यात ती जाईल."

"नंबर तोच आहे. रंग तोच आहे. मुदत परवापर्यंत आहे. आणि तुम्ही नुसतं उजेडात बघून सांगणार?"

"हो. उजेडात बघून."

साहेबांचा चेहरा काळवंडला. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. आधीच टाइप केलेला होता. पिशवी आपल्या निष्काळजीपणामुळे नजरेआड झाली, सबब चूक मान्य, असा मजकूर.

"बारा वाजता मी येतो. तोवर यावर सही आणि पिशवी वर. नाहीतर तुम्ही घरी. आणि बाईचं बरंवाईट झालं तर ते तुमच्या डोक्यावर."

"ते माझ्या डोक्यावर आहेच," ती म्हणाली. "बावीस वर्षं आहे."

साहेब गेले. हट्टीताईने फोन उचलला.

मास्तरांचा फोन बंद होता. गाडी शिकवताना ते तो बंदच ठेवत.

काउंटरच्या खिडकीपाशी टेलरबाईचा धाकटा भाऊ उभा होता. वेल्डर. जाड तळव्याचे बूट, बाह्यांवर ठिणग्यांची भोकं. काल दुपारी बारा वाजता त्याने बहिणीची पिशवी आत्ताच द्या म्हणून याच खिडकीवर मूठ आपटून आरडाओरडा केला होता, आणि तेव्हापासून साहेबांच्या तोंडी त्याचं नाव होतं.

"मी चोरली म्हणतात," तो म्हणाला. घसा बसला होता. "माझ्याच बहिणीच्या तोंडचं मी चोरीन?"

"काल पावणेदोनला कुठे होतास?"

"हिच्या उशाशी. सिस्टरला विचारा."

"विचारीन. आज सकाळी सव्वासातला?"

"तिथेच. बेसिन धरून बसलो होतो. पण ताई, पावणेदोन आणि सव्वासात कुठून आणलंत?"

हट्टीताईने पाळण्याच्या माथ्याकडे बोट केलं. तिथे एक गोल कागद घड्याळासारखा सावकाश फिरत होता आणि शाईची सुई त्यावर तापमान लिहीत होती. दार उघडलं की बाहेरची गरम हवा आत घुसते आणि रेघेला बारीक दात फुटतो.

"माझे दात मला ठाऊक आहेत. मी उघडलं ती वेळ मी वहीत लिहिते. न लिहिलेले दोनच आहेत. आता ऐक. स्कूटर आहे ना? मास्तरांना शोधून आण. लाल गाडी, वर पाटी. मैदानाच्या मागच्या रस्त्यावर शिकवतात. म्हणावं, पुन्हा दंड पुढे करायचा आहे. दोन दिवस भरले, आज चालतं."

"आणि ते नाही आले तर?"

"तर उचलून आण. वेल्डर आहेस ना?"

तो धावत गेला. ती तिसऱ्या मजल्यावर निघाली.

दुसऱ्या मजल्यावर नव्या वॉर्डाचं काम चाललं होतं. सुतार दारांच्या चौकटी ठोकत होते, आणि भुसा जिन्यापर्यंत आला होता. तो ओलांडून ती वर पोचली.

टेलरबाई उशांना टेकून बसली होती. नाकात कापूस, हातावर जांभळे डाग. मांडीवर अर्धवट बेतलेला ब्लाउज होता; सुई मात्र सिस्टरने काढून घेतली होती.

"सुई टोचेल म्हणतात," ती कापसातून घोगऱ्या आवाजात म्हणाली. "वीस वर्षं टोचतेय, कधी रडले नाही."

"पिशवी आली आहे परत. पण मी ती तुम्हाला देत नाही. खराब झाली आहे."

टेलरबाईने तिच्याकडे टक लावून पाहिलं. "खात्रीने?"

"खात्रीने."

"मग नका देऊ. कुजकं अस्तर लावून वरून चांगलं दिसेल असं शिवणाऱ्यातली मी नाही. दुसरं कापड आणा." मग आवाज बारीक झाला. "पण लवकर आणा हो. मला भीती वाटते."

"मलाही वाटते," हट्टीताई म्हणाली. सिस्टरला भावाचं विचारलं. तो काल दीड ते तीन आणि आज पहाटेपासून खाटेपासून हलला नव्हता. ती खाली आली.

मामा कॉरिडॉर पुसत होते. पेढीची साफसफाई तेच करत. साहेबांच्या यादीत दुसरं नाव त्यांचं होतं.

"मामा, आज खोली किती वाजता पुसलीत?"

"सातला. रोजचंच. सात दहाला कुलूप लावून किल्ली ऑफिसात परत. वहीत अंगठा नाही, सही आहे माझी."

"नंतर परत गेलात?"

"जावं लागलं ना! बादली राहिली. साडेसातला काचेतून बघतो तर माझ्या ओल्या फरशीवर बुटांचे ठसे. दारापासून पाळण्यापर्यंत आणि पाळण्यापासून दारापर्यंत. या खोलीत बूट घालून जाणारा कोण दिवटा? पुन्हा किल्ली आणली आणि पुसले."

"पुसले? मामा, पुरावा होता तो!"

"पुरावा कसला? घाण होती."

तिला हसू आलं, इतक्या कटकटीतही. "ठसे जाड तळव्याचे होते? नक्षीचे?"

"छे. सपाट. गुळगुळीत. जेवणाच्या पार्टीला घालतात तसले."

"आणि मामा, पिशवी खराब होऊ नये म्हणून तुम्ही कुठे ठेवाल?"

मामांनी तिला वेड्यात काढलं. "पाळण्यात. नसेल तर टेबलावर, आणि हलवत बसेन. लाल रक्त फ्रिजमध्ये, पिवळी पाळण्यात. अठरा वर्षं ऐकतोय, ताई, भिंतीलासुद्धा पाठ झालं असेल."

ऑफिसात कारकून बाई फायली लावत होत्या. किल्ल्यांचं कपाट त्यांच्या टेबलामागे, आणि त्याला लागून साहेबांच्या खोलीचं दार. पेढीच्या तीन किल्ल्या होत्या. एक हट्टीताईकडे, एक पेढीच्या डॉक्टर मॅडमकडे, तिसरी या कपाटात. काल पावणेदोनला हट्टीताई आणि मॅडम समोरासमोर बसून डबा खात होत्या, दोघींच्या किल्ल्या टेबलावर.

"काल दुपारी तिसरी किल्ली कुणी नेली?"

"वहीत नाही कुणी."

"मी वहीचं नाही विचारलं."

कारकून बाईंनी फाइल दोनदा सरळ केली. "मी तेव्हा जेवायला जाते. कपाट उघडं असतं. वहीत सही करायची ती आम्ही. सगळ्यांनाच करावी लागते असं नाही ना, ताई. मला नोकरी आहे."

त्याच वेळी दाराआडून साहेबांचा आवाज आला, घाईचा, दबलेला. "एकतीस? अहो काल तर बेचाळीस होते! आता उद्या काय वीस होणार? नाही, नाही, मी येतो."

दार उघडलं. हट्टीताईला पाहून साहेब क्षणभर थबकले.

"गाद्या," ते म्हणाले. "नव्या वॉर्डातल्या. मोजदाद चालली आहे, रोज कमी निघतात."

"काळजी घ्या," ती म्हणाली. साहेब जिना उतरून गेले. गुळगुळीत तळव्यांचे बूट, टक, टक, टक.

दहा वाजता वेल्डर मास्तरांना घेऊन आला. उचलून आणावं लागलं नव्हतं. मास्तर शिकाऊ बाईंसकट लाल गाडी घेऊनच आले होते, आणि बाईंनी ती फाटकाच्या खांबाला हलकीशी टेकवली होती. डॉक्टर मॅडमनी मास्तरांची मोजणी केली. दोन लाख चाळीस हजार.

"श्रीमंत माणूस आहात," हट्टीताई म्हणाली.

"कुठेतरी असावं ना माणसाने," मास्तर खुर्चीत रेलले.

यंत्र सुरू झालं. रक्त एका नळीने बाहेर, प्लेटलेट गाळून बाजूला, उरलेलं पुन्हा अंगात. पिशवीत पिवळा थर हळूहळू चढायला लागला. साडेअकराला वॉर्डमधून फोन आला, नाकातलं रक्त थांबत नाही. वेल्डर भिंतीला टेकून पिशवीकडे बघत राहिला. पापणीसुद्धा लवत नव्हती.

बाराला पाच कमी असताना साहेब आले. मागे कारकून बाई वही घेऊन. त्यांनी यंत्राकडे पाहिलं.

"हे काय? कुणाच्या परवानगीने?"

"माझ्या," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. आवाज कापरा होता, पण आला.

"आणि सही?" साहेबांनी हट्टीताईपुढे कागद धरला.

"करते. पण आधी कशावर करायची ते ठरू दे. पाच मिनिटं लागतील, आणि मास्तरांनाही कुठे जायचं नाही."

"मी बांधलेलाच आहे," मास्तर म्हणाले. "बोला."

हट्टीताई उभी राहिली. राग आला की तिचा आवाज हळू होत असे, आणि आता तो अगदी हळू झाला होता.

"पिशवी काल पावणेदोनला गेली आणि आज सव्वासातला परत आली. कागदावर दोन्ही वेळा दात आहेत. म्हणजे ती नजरेतून सुटली नव्हती. ती कुणीतरी नेली आणि आणून ठेवली. ठेवली तीसुद्धा नळी बाहेर काढून. आम्ही नळी आत दुमडतो, नाहीतर ती पाळण्याच्या झोक्यात अडकते. म्हणजे ठेवणारा आमच्यातला नाही."

"हा वेल्डर..." साहेब म्हणाले.

"दोन्ही वेळा बहिणीच्या उशाशी होता, सिस्टर साक्षीला आहे. शिवाय त्याच्या बुटांना नक्षी आहे. ओल्या फरशीवरचे ठसे सपाट होते. मामांनी ते पुसले, पण विसरले नाहीत."

"घाण होती," मामा दारातून पुटपुटले.

"आता पिशवी. नुसती झुलवायची राहिली तरी ती एक दिवस तग धरते, इतकी लगेच मरत नाही. ही मेली कारण ती गारठली. प्लेटलेट चपट्या असतात, म्हणून उजेडात फिरताना चमकतात. थंडीत त्या आकसून गोल होतात आणि चमक जाते. आणि अशा गोल झालेल्या अंगात गेल्या की शरीर त्यांना फार वेळ ठेवून घेत नाही, बाहेरचा रस्ता दाखवतं. लेबल सुरकुतलं, शाई फुटली. पाळण्यातल्या पिशवीला कधी घाम येत नाही. फ्रिजमधून बाहेर काढलेल्या पिशवीला येतो."

"रक्तपेढीत फ्रिज आहेतच की! तुम्हीच ठेवली असेल."

"आमच्या फ्रिजमध्ये कांदा नसतो, साहेब."

कुणीतरी खुसकन हसलं. साहेब हसले नाहीत.

"पिशवीला चिरलेल्या कांद्याचा वास येत होता. ती घरच्या फ्रिजमध्ये रात्रभर होती. आणि फ्रिजमध्ये ठेवली हीच खरी खूण. आमच्यातल्या कुणी चोरली असती तर ती टेबलावर ठेवली असती. मामांनीसुद्धा. फ्रिजमध्ये कोण ठेवेल? ज्याच्या हातात किल्ली आहे आणि डोक्यात काम नाही असा माणूस. रक्त म्हटलं की थंड, एवढंच ज्याला माहीत आहे असा. आज सकाळी मी तुम्हाला काही सांगण्याआधीच तुम्ही म्हणालात, रात्रभर थंडाव्यात होती. पाळणा थंड नसतो, साहेब. बावीस डिग्री असतो. कालपासून ती गारठली होती हे फक्त गारठवणाऱ्याला ठाऊक होतं."

"बोलण्याच्या ओघात माणूस काहीही बोलतो. मी कशाला नेऊ? मला काय करायची ती?"

"तेच मला कळत नव्हतं. गाद्यांनी कळलं."

"गाद्या?"

"नव्या वॉर्डाला अजून दारं बसली नाहीत. गाद्या कुठल्या मोजताय?" ती एक पाऊल पुढे आली. "काल बेचाळीस होते, आज सकाळी एकतीस. आता किती आहेत, साहेब?"

"अठ्ठावीस," साहेब म्हणाले.

म्हणाले आणि तोंड उघडंच राहिलं.

साहेबांनी हात मागे नेऊन खुर्ची चाचपली आणि ते बसले.

"माझा मुलगा," ते म्हणाले. "पाच दिवस ताप. घरीच आहे. रोज रक्त तपासतात आणि रोज आकडा खाली. सगळे म्हणतात, प्लेटलेटची सोय करून ठेवा, नंतर मिळत नाहीत. मी आत पाहिलं तर ही सगळ्यांत मोठी पिशवी होती. त्याच्या डॉक्टरकडे नेली तर ते म्हणाले गरज नाही, परत न्या. मला वाटलं, रात्रीत आणखी उतरलं तर? म्हणून घरी ठेवली. सकाळी परत आणून ठेवली की. मी काही खाल्ली नाही ती! मुदत होती. कुणाचं काय नुकसान..."

"माझ्या बहिणीचं," वेल्डर म्हणाला. तो भिंतीपासून सुटा झाला होता. मास्तरांनी मोकळ्या हाताने त्याचा शर्ट धरला.

"ब्रेक," मास्तर म्हणाले. "ब्रेक, बाबा."

हट्टीताई साहेबांसमोर वाकली. "मुलाला कुठून रक्त येतंय? हिरड्या? नाक? लघवीत? अंगावर लाल टिपके?"

"नाही."

"पाणी पितो? उठून बसतो?"

"सकाळी भूक लागली म्हणाला."

"मग त्याचे डॉक्टर बरोबर सांगतायत. त्याची हाडं पेशी बनवतायत. तापात आकडा असा उतरतो आणि दोन-तीन दिवसांत आपला आपण चढतो. त्याच्यावर लक्ष ठेवा, रक्त दिसलं तर तासाभरात इथे आणा, मी स्वतः पिशवी देईन. पण आकडा बघून पिशवी चढवत नाहीत. माणूस बघून चढवतात. तुमच्या मुलाचे अठ्ठावीस हजार आहेत. वरच्या बाईचे सहा. आणि तिची एकुलती एक पिशवी तुम्ही कांद्याशेजारी ठेवलीत."

तिचे डोळे भरून आले होते. तिने ते पुसले नाहीत.

साहेबांनी टाइप केलेल्या कागदाची पुन्हा घडी घातली. मग हळूच म्हणाले, "बाद करायच्या वहीत... मुदत संपली असं लिहिलंत तर? कुणालाच त्रास नको. तो कागद मी फाडतो. तुमच्यावर काहीच ठेवत नाही."

"माझ्यावर होतंच काय?"

तिने कारकून बाईंकडून पेन घेतलं, कपाटातून मोठी वही काढली आणि उभ्या उभ्या लिहिलं. पिशवीचा नंबर. तारीख. बाद करण्याचं कारण: प्रशासकांनी नोंद न करता घरी नेली, घरच्या फ्रिजमध्ये ठेवली, गारठून निकामी. खाली स्वतःची सही केली. मग वही साहेबांपुढे धरली.

"आता तुमची. तुम्हाला बारा वाजता सही हवी होती ना, ही घ्या जागा."

"मी नाही केली तर?"

"तर मी करते," कारकून बाई एकदम म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "काल मी लवकर परत आले होते. साहेब किल्ली कपाटात ठेवताना मी पाहिलं. सकाळी ताईंनी विचारलं तेव्हा घाबरले. आता लिहून देते."

साहेबांनी सही केली.

यंत्राने शिटी दिली. हट्टीताईने नवी पिशवी सोडवली, खिडकीशी नेली, उजेडात धरून हलवली. आत रेशमी लाट उठली आणि गोल फिरली. वेल्डरने ती पाहिली आणि तोंडावर हात घेतला.

तपासणीची शेवटची पट्टी मॅडमनी वाचली, शिक्का मारला. "पळ," हट्टीताई वेल्डरला म्हणाली, आणि पाऊण वाजता पिशवी तिसऱ्या मजल्यावर लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेलरबाईचं रक्त हट्टीताईने स्वतः मोजलं. मग काचेवर पसरून डोळ्यांनीही मोजलं, कारण तिचा यंत्रावर विश्वास होता पण आंधळा नव्हता. निकाल घेऊन ती जिना चढली. मध्ये दम लागला तरी थांबली नाही.

"अडतीस हजार," ती खाटेपाशी धापा टाकत म्हणाली.

टेलरबाईच्या नाकात कापूस नव्हता. "नेमकं माझं वय," ती म्हणाली. "सिस्टर, आता तरी माझी सुई द्या. ब्लाउज गुरुवारी द्यायचा आहे."

गुरुवारीच साहेबांच्या मुलाचा आकडाही नव्वद हजारांवर गेला. न चढवता. हे हट्टीताईला साहेबांनीच फोन करून सांगितलं. तोवर विश्वस्तांनी वहीचं ते पान वाचलं होतं आणि साहेब घरी होते. ती म्हणाली, "बरं झालं. मुलाला सांभाळा."

पुढच्या सोमवारी नवे प्रशासक हॉस्पिटल पाहायला निघाले. रक्तपेढीच्या दारात मामा पोछा आडवा धरून उभे होते. तिसरी किल्ली त्यांच्या कमरेला होती, आणि ती घेताना वहीत सही करावी लागत होती, कुणालाही.

"बूट," मामा म्हणाले.

"मी नवा प्रशासक आहे," पाहुणे म्हणाले.

"म्हणूनच," मामा म्हणाले.

आतून हट्टीताईने मान वर करून पाहिलं. नवे साहेब वाकून नाड्या सोडत होते.